रशियात धंदा करताय? आधी हसणं बंद करा

तर तुमच्या कंपनीने रशियात पाय रोवायचं ठरवलंय. उत्तम. सगळ्यात आधी चेहऱ्यावरचं ते हसू पुसून टाका. पहिल्याच भेटीत दात दाखवलेत, की समोरचा दोनच अर्थ काढतो: हा आपल्याला टोपी घालतोय, नाहीतर याचा एक स्क्रू ढिला आहे. विनाकारण हसणं हे मूर्खाचं लक्षण, अशी त्यांच्याकडे म्हणच आहे. ३१ जानेवारी १९९० रोजी मॅकडॉनल्ड्सने मॉस्कोच्या पुश्किन चौकात पहिलं दुकान थाटलं, तेव्हा काउंटरवरच्या पोरांना हसायलाही शिकवावं लागलं. पहिल्या दिवशी ३०,००० च्या वर गिऱ्हाइकं आली. हसणारा विक्रेता बघायला मिळणार म्हटल्यावर आपणही गेलो असतो. या दुकानाची बोलणी १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिम्पिकपासून चालली होती. म्हणजे १४ वर्षं. तेवढ्यात रामाचा वनवास उरकला होता, लंकासुद्धा जाळून झाली होती.

नावांचं प्रकरण मात्र आपल्या पथ्यावर पडेल. आपलं नाव आणि त्याला जोडून बापाचं, हे अमेरिकनांच्या डोक्यात शिरत नाही. शाळेच्या दाखल्यापासून बापाचं नाव मिरवत आलेल्या मराठी माणसाला ते शिकवायला नको. आडनाव गाळा आणि ‘इवान पेत्रोविच’ (म्हणजे प्योत्रचा पोरगा इवान) अशी हाक मारा. तिथेही ‘तू’ आणि ‘तुम्ही’ वेगळे आहेत. अहो-जाहो गळून पडायला व्होडकाच्या दोन-तीन बैठका लागतात. उंबरठ्यावर हात मिळवू नका (आजी कशी ओरडायची, आठवा). रिकामी बाटली टेबलावर नको, खाली ठेवा. फुलं न्या, पण विषम संख्येत. डझनभर गुलाब नेलेत तर यजमानीणबाईंना वाटेल, गेलं कोण?

आणि गोल शिक्का. कंपनीकडे तो असलाच पाहिजे ही सक्ती २०१५ सालीच कायद्याने उठली. तरीही न्या. कायदा कागदावर असतो, हिशेबनीस बाई टेबलापलीकडे बसलेल्या असतात.

एवढं पाठ झालं की तुम्ही तयार झालात, असं सल्लागार सांगतात आणि फी घेतात. पैसे बाहेर कसे काढायचे, हे त्यांच्या पुस्तिकेत नसतं. पेप्सीला ते १९७२ मध्येच उमगलं. रूबल देशाबाहेर चालत नव्हता, म्हणून सरबताच्या बदल्यात स्तोलिच्नाया व्होडका घ्यावी लागली. पुढे व्होडका पुरेना, तेव्हा १९८९ च्या करारात १७ जुन्या पाणबुड्या आणि तीन युद्धनौका गळ्यात आल्या. त्या भंगारात काढायच्या होत्या.

२०२२ मध्ये युक्रेनमध्ये सैन्य घुसलं आणि कंपन्यांनी गाशा गुंडाळायला घेतला. रेनोने लाडा गाड्या बनवणाऱ्या अव्तोवाझमधला ६८ टक्के हिस्सा एका रूबलला सोडला. मॅकडॉनल्ड्सच्या जागी ‘चविष्ट, आणि विषय संपला’ अशा अर्थाची पाटी लागली. (सदाशिव पेठेत शोभली असती.) रशियावर निर्बंध घालणाऱ्या, म्हणजे त्यांच्या भाषेत ‘अमित्र’ देशातली कंपनी असेल तर ऑक्टोबर २०२४ पासूनचा नियम ऐका: धंदा बाजारभावापेक्षा निदान ६० टक्के स्वस्त विकायचा, वर बाजारभावाच्या ३५ टक्के सरकारी तिजोरीत भरायचे. या भरण्याला ‘ऐच्छिक’ म्हणायची पद्धत होती. दारात उभ्या राहिलेल्या मंडळाच्या पोरांना ज्याने वर्गणी दिली आहे, त्याला या शब्दाचा अर्थ समजावून सांगायला नको. शंभरातले पाच उरतात.

आपण भारतीय तर मित्रांच्या यादीत, तेव्हा निर्धास्त राहा. मे २०२३ मध्ये त्यांचे परराष्ट्रमंत्री लावरोव गोव्यात येऊन सांगून गेले, की भारतीय बँकांत रशियाचे अब्जावधी रुपये साचलेत आणि वापरता येत नाहीत. तिकडे आपल्या तेल कंपन्यांचा, रशियातल्या तेलक्षेत्रांमधल्या हिश्शावरचा लाभांश रशियन बँकांत मुक्कामाला गेला. मैत्री म्हणावी ती ही. एकमेकांचे पैसे एकमेकांच्या घरी, आणि किल्ली कोणाकडेच नाही.

निघताना फुलं न्यायची का, म्हणता? न्या की. तेव्हा सम संख्येत चालतात.