आधीचे महिनेच जड

स्टेम सेल ट्रान्सप्लांटवरचा लेख वाचला. त्यातल्या जोडप्याला ट्रान्सप्लांटपेक्षा त्याआधीची केमो जड गेली, हे अगदी पटलं. आमच्या ह्यांना मल्टिपल मायलोमा, म्हणजे एक प्रकारचा रक्ताचा कॅन्सर. त्यावरच्या बोर्टेझोमिब या औषधाचं इंजेक्शन दर आठवड्याला पोटावर. आज डावीकडे की उजवीकडे, ते मी कॅलेंडरवर लिहून ठेवायचे. अशा ६ सायकल. डेक्सा (डेक्सामेथासोन, सोबतचं स्टेरॉइड) घेतलं त्या रात्री झोप नाही, मग हे २ वाजता स्वयंपाकघरातले डबे पुसत बसायचे! (घर इतकं लख्ख पुन्हा कधी झालं नाही.) चौथ्या सायकलनंतर ट्रान्सप्लांटची तारीख पुढे गेली तेव्हा मात्र कडाडून भांडलो, तेही सेव-उसळीवरून. बडोद्यात राहायचं आणि बाहेरचं बंद! लोक संयम म्हणतात. आम्ही आपले पुढच्या रिपोर्टपर्यंत दिवस ढकलत होतो.

ट्रान्सप्लांटच्या आधीची मोठी केमो, मेल्फलान, देताना तोंड येऊ नये म्हणून बर्फ चघळायला दिला, तर हे म्हणतात, "गोळेवाला निदान सरबत तरी घालतो." ह्यांच्याच काढून गोठवलेल्या स्टेम सेल म्हणजे मूळ पेशी परत चढवताना खोलीभर लसणासारखा वास सुटतो, हे कुणी आधी सांगितलंच नव्हतं. पेशी जपायच्या रसायनाचा असतो तो. मला वाटलं, शेजारच्या खोलीत कुणीतरी चटणीचा डबा उघडला.