मोबाइलच्या फोटोवरून बुबुळाचा आनुवंशिक आजार ओळखणारे

‘बुबुळावर पांढरे ठिपके? मशीनवर पैसे घालवू नका. मोबाइलला मॅक्रो लेन्स लावा, घरीच कळेल. घरात कुणाला नसेल तर आनुवंशिक नाहीच. लेसरने नंबरासकट ठिपकेही जातात.’ हा मेसेज माझ्या मावसबहिणीपर्यंत पोचला. तिच्या लेकाच्या डोळ्यांत ठिपके आहेत, आणि तिने लॅसिकची, म्हणजे चष्म्याचा नंबर घालवणाऱ्या लेसर शस्त्रक्रियेची, चौकशीही सुरू केली! म्हणून हा खटाटोप.

आधी लेसरचं. वरवरचे ठिपके पीटीके नावाच्या लेसरने खरवडता येतात, हे खरं. पुढे ते परत येतात, हे मेसेजवाला सांगत नाही. लॅसिक मात्र वेगळं. त्यात कॉर्नियाची, म्हणजे बुबुळाच्या पारदर्शक पडद्याची, पातळ चकती उचलून खाली लेसर मारतात. डिस्ट्रॉफी म्हणजे कॉर्नियाचे आनुवंशिक आजार. त्यातल्या ग्रॅन्युलर डिस्ट्रॉफीच्या दुसऱ्या प्रकारात, म्हणजे अ‍ॅव्हेलिनोत, नेमका त्या चकतीखाली नवा साका धरतो आणि नजर आधीपेक्षा धूसर होते. तरुणपणी या आजाराचे चार-दोनच ठिपके असू शकतात, तक्रार काहीच नसते. असा माणूस लॅसिकला अगदी योग्य वाटतो, घोळ तिथेच होतो.

मॅक्रो लेन्सला डाग दिसेल, पण अर्ध्या मिलिमीटरच्या कॉर्नियात तो किती खोल आहे ते कसं कळणार? मेसेजवाल्याचं ‘मशीन’ त्यासाठीच असतं. या कॉन्फोकल मायक्रोस्कोपीत भूल देणारा थेंब घालतात, जेल लावलेलं टोपण बुबुळाला टेकवतात आणि थराथरातल्या पेशी जिवंत डोळ्यात बघतात. ग्रॅन्युलरमध्ये चकचकीत चुरा दिसतो, लॅटिस नावाच्या डिस्ट्रॉफीत फाटे फुटलेल्या रेषा. फुक्स डिस्ट्रॉफीत सगळ्यात आतल्या थरावर काळे गोल दिसतात, ते स्पेक्युलर या आतल्या थराचा फोटो काढणाऱ्या मशीनवरही कळतात.

‘घरात कुणाला नाही’ हे तर हास्यास्पद. मॅक्युलर डिस्ट्रॉफीत सदोष जनुक आई-वडील दोघांकडून यावं लागतं. त्यांचे स्वतःचे डोळे स्वच्छ असतात. मामाची मुलगी करणाऱ्या घरांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

आता एक कबूल करतो, नाइलाजाने. प्रत्येकाला कॉन्फोकल लागत नाही. मुरलेल्या डॉक्टरला स्लिट लॅम्पवरच, म्हणजे डोळे तपासायच्या नेहमीच्या दिव्याच्या दुर्बिणीवरच, बरंच कळतं. शिवाय कॉन्फोकल जनुकाचं नाव सांगत नाही. ग्रॅन्युलरचे दोन्ही प्रकार आणि नेहमीचा लॅटिस एकाच टीजीएफबीआय जनुकातल्या वेगवेगळ्या बिघाडांतून होतात. म्हणूनच २००८ साली आलेल्या आयसीथ्रीडी या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात डोळ्यात काय दिसतं, सूक्ष्मदर्शकाखाली काय दिसतं आणि जनुक कोणतं, हे सगळं एकत्र धरलंय. लेकाची जनुक तपासणी होईपर्यंत लॅसिकची तारीख घेऊ नकोस, एवढं बहिणीला बजावलंय.