घोड्याची पेन्शन

गेल्या रविवारी बाबांना अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या ऑबर्नला घेऊन गेलो. सिरॅक्यूजहून आमच्या घरापासून गाडीने जेमतेम पाऊण तास. बाबा सुभेदार म्हणून निवृत्त झालेत, इथे सहा महिन्यांसाठी आलेत आणि मॉल बघून बघून वैतागलेत. म्हटलं, चला, तुम्हाला एक फौजी दाखवतो.

ऑबर्नच्या टेकडीवर फोर्ट हिल ही जुनी दफनभूमी आहे. तिथे माइल्स किओची कबर आहे, वर संगमरवरी क्रॉस. क्रॉस नंतर बसवला, आयर्लंडमधल्या बहिणीच्या इच्छेवरून. दगडावर कवितेच्या ओळी आहेत. जो सगळ्यात शूर तोच सगळ्यात हळवा, अशा अर्थाच्या. बाबा आपसूक सावधानमध्ये उभे राहिले. मग म्हणाले, "हा कुणाकडून लढला रे?"

आता काय सांगू? जन्म १८४० चा, आयर्लंडमधल्या कार्लो परगण्यातला. विशीत पोपच्या फौजेत गेला, इटलीतल्या अँकोनाला लढला, पोपचं पदक मिळवलं. १८६२ मध्ये अमेरिकेत आला, यादवी युद्धात उत्तरेकडून लढला, गेटिसबर्गच्या लढाईतही होता. नंतर कस्टर या अमेरिकन अधिकाऱ्याच्या सातव्या कॅव्हलरीत, म्हणजे घोडदळात, कॅप्टन. २५ जून १८७६ ला लिटल बिगहॉर्नच्या लढाईत लाकोटा आणि शायेन या मूळनिवासी जमातींच्या योद्ध्यांच्या हातून मेला. वय छत्तीस. ऑबर्नमधल्या एका कुटुंबाशी घरोबा होता, मला तिथेच पुरा असं सांगून ठेवलेलं. म्हणून पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये मोंटानातून त्याला इथे आणलं.

"तीन फौजा!" बाबा म्हणाले. त्यांना ते फारसं रुचलं नाही.

मला मात्र तीन फौजांचं काही वाटत नाही. परमुलखात आलेल्या माणसाला वर्दीमुळे पत मिळते, हे आम्हा साताऱ्याकडच्यांना कुणी सांगायला नको. मला खुपतं ते वेगळंच. ब्लॅक हिल्सचा मुलूख १८६८ च्या तहाने लाकोटांचा ठरला होता. १८७४ मध्ये तिथे सोनं सापडलं आणि तह गेला चुलीत. किओ मेला तो या भानगडीत. ज्याच्या देशाने परक्याचं राज्य पिढ्यान्‌पिढ्या सोसलं, तो दुसऱ्याचा मुलूख घ्यायला निघालेल्या फौजेत मेला. तो शूर होता यात वाद नाही. पण त्या दगडावर तो हळवा आहे आणि समोरचे कुणीच नाहीत.

समोरचे आहेत. त्याच टेकडीवर! थोडं चाललं की छप्पन्न फुटी दगडी मनोरा लागतो, लोगन या मूळनिवासी पुढाऱ्याच्या नावाचा. १७७४ मध्ये गोऱ्यांनी त्याच्या घरची माणसं मारली. मनोऱ्यावर त्याच्याच भाषणातला प्रश्न कोरलाय: लोगनसाठी रडायला आहे कोण? हा सगळा मुलूख केयूगा या मूळनिवासी जमातीचा. १७७९ मध्ये अमेरिकन फौजेने त्यांची गावं जाळली, आणि त्या मोहिमेतल्याच एका अधिकाऱ्याने पुढे ऑबर्न वसवलं. किओचा दगड हलवा असं मी म्हणणार नाही. पण तो बघून तिथूनच गाडीकडे वळणाऱ्यांचा मला राग येतो.

आता घोडा. किओचा कमॅन्ची हा घोडा त्या लढाईतून जखमी होऊन वाचला. फौजेने त्याची शुश्रूषा केली आणि १८७८ मध्ये हुकूम काढला की याच्यावर पुन्हा कुणीही बसायचं नाही, कुठल्याही कामाला जुंपायचं नाही. १८९१ मध्ये मेला तेव्हा पेंढा भरून ठेवला. अजून आहे, कॅन्सस विद्यापीठाच्या संग्रहालयात, काचेमागे. बाबा हसले. "म्हणजे घोड्याला फुल पेन्शन. आणि हयातीचा दाखलाही नको." दर नोव्हेंबरला दाखल्याची आठवण करून देणारा माणूस आहे तो, हे त्यांनाच सुचणार.

मग मी त्यांना हॅरिएट टबमनच्या कबरीपाशी नेलं. तीही इथेच, मोठ्या सदाहरित झाडाखाली. गुलामीतून पळालेली, परत जाऊन इतरांना सोडवून आणणारी. यादवी युद्धात उत्तरेसाठी हेर होती, वाटाड्या होती, परिचारिका होती. १८६३ मध्ये कम्बाही नदीवरच्या छाप्यात फौजेच्या बरोबरीने होती, सातशेहून जास्त गुलाम सुटले त्यात. तिला पेन्शन? १८९५ पासून महिना आठ डॉलर, तेही शिपाई नवऱ्याची विधवा म्हणून. तिच्या स्वतःच्या कामाची दखल घेऊन वीस डॉलर केले १८९९ मध्ये, आणि तेसुद्धा परिचारिका म्हणून. हेरगिरीचा, छाप्याचा एक पैसा नाही. युद्ध संपून चौतीस वर्षं झाली होती, आणि घोडा मरून आठ.

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. कबरीच्या दगडावर लोकांनी खडे आणि नाणी ठेवलेली असतात. त्यांनी पाकीट चाचपलं, डॉलरची चिल्लर बाजूला सारली आणि आतल्या कप्प्यात राहून गेलेलं पाच रुपयांचं नाणं काढून ठेवलं. म्हणाले, "एरिअर्स म्हणून ठेव."