झिणझिण्या, ९८ टक्के आणि तुमचं फिरलेलं डोकं

नमस्कार, एएसएमआरवरच्या (म्हणजे कुजबुज, ब्रश असे हळुवार आवाज ऐकून डोक्यात येणाऱ्या सुखद झिणझिण्या) माझ्या लेखाखालची तुमची कमेंट दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा कमी आला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की कुजबुज ऐकून डोक्यात झिणझिण्या येणं हे मनाचे खेळ आहेत, असले व्हिडिओ मुळात चावट असतात, ९८ टक्के लोकांना त्याने आराम मिळतो हा आकडा मी हवेतून काढला, आणि तुम्ही स्वतः हेडफोन लावून दहा मिनिटं ऐकलं तर नुसतं डोकं फिरलं.

आधी ९८ चं घेते कारण तिथे तुम्ही मला बरोबर पकडलंत. आकडा हवेतला नाही, २०१५ साली स्वान्झी युनिव्हर्सिटीच्या बॅरट आणि डेव्हिस यांच्या अभ्यासातला आहे, पण मी सरळ "९८ टक्के लोकांना आराम मिळतो" असं ठोकून दिलं आणि ते साफ चूक. त्यांनी ४७५ जणांना विचारलं होतं आणि ते सगळे हे आधीपासून जाणवणारेच, म्हणजे स्विमिंग पूलवर उभं राहून पाणी आवडतं का विचारल्यासारखं झालं. ते वाक्य बदललंय.

चावटपणाचं मात्र पटलं नाही. त्याच अभ्यासात झोप यावी म्हणून बघणारे ८२ टक्के होते आणि लैंगिक उत्तेजनासाठी बघणारे ५. संशय का येतो ते कळतं मला, अनोळखी माणूस एकदम कानाशी येऊन कुजबुजायला लागला की कुणालाही कसंतरीच होईल, आणि आधी लोक याला 'ब्रेन ऑरगॅझम' वगैरेच म्हणायचे. म्हणून तर २०१० मध्ये जेनिफर अ‍ॅलन यांनी मुद्दाम डॉक्टरी थाटाचं नाव काढलं, ऑटोनॉमस सेन्सरी मेरिडियन रिस्पॉन्स, म्हणजेच एएसएमआर (नाव ऐकूनच जांभई येते, तो भाग वेगळा).

आता मनाचे खेळ. २०१८ मध्ये शेफील्ड युनिव्हर्सिटीच्या टीमने व्हिडिओ दाखवताना लोकांच्या हृदयाचे ठोके मोजले. ज्यांना एएसएमआर जाणवतं त्यांचे ठोके न जाणवणाऱ्यांपेक्षा जास्त उतरले, सरासरी मिनिटाला ३ च्या आसपास. पण गंमत अशी की त्याच वेळी त्यांच्या त्वचेची विद्युतवाहकता वाढली, जी साधारण माणूस उत्तेजित असला की वाढते, म्हणजे शांत आणि चेतवलेलं दोन्ही एकदम. ठरवून असं करून दाखवा बरं.

झिणझिण्या पाय बधिर झाल्यावर येतात, डोक्यात नाही, हा तुमचा टोमणा आवडला. खरंच आपल्याकडे नेमका शब्द नाही. मुंग्या म्हटलं की तोच बधिर पाय, शहारा थंडीचा नाहीतर भीतीचा, गाण्यातली एखादी जागा ऐकून काटा येतो तो काही सेकंदात विरतो. हे मात्र डोक्याच्या टाळूपासून सुरू होतं, मानेवरून पाठीत उतरतं आणि मिनिटं मिनिटं रेंगाळतं. लहानपणी शेजारी बसून कुणी सावकाश पेन्सिलीने माझ्या वहीत काही काढून दाखवत असलं की मला व्हायचं, आणि चित्र संपूच नये असं वाटायचं.

स्पर्श आणि आवाज मी लेखात एकाच टोपलीत टाकले असं म्हणालात, हेही खरं, ते वेगळे करायला हवे होते. हळुवार स्पर्शासाठी केसाळ त्वचेत वेगळे मज्जातंतू असतात, सी-टॅक्टाइल म्हणतात त्यांना, आणि सेकंदाला साधारण १ ते १० सेंटीमीटर अशा वेगाने हात फिरला की ते सगळ्यात जास्त जागे होतात. भराभर चोळलं तर नाही. व्हिडिओत कुणी हात लावत नाही, त्यामुळे हे गणित तिकडे जसंच्या तसं लागू होत नाही.

राहिलं तुमचं फिरलेलं डोकं. ते मला मुळीच खोटं वाटत नाही, काही आवाजांनी संताप होण्याला मिसोफोनिया म्हणतात आणि एएसएमआर जाणवणाऱ्यांमध्येच त्याचं प्रमाण जास्त दिसलंय. मीच बघा ना, ब्रशच्या आवाजावर पाच मिनिटांत विरघळते आणि शेजारी कुणी मचमच करत जेवायला लागलं की ताट उचलून दुसऱ्या खोलीत जाते. तुम्ही लावला होतात तो व्हिडिओ खाण्याचा तर नव्हता ना?

आणि हो, सवय लागते का हे विचारलंत. उलटंच होतं, रोज रोज ऐकलं की झिणझिण्या यायच्याच बंद होतात, मग मी आठ-दहा दिवस काहीच ऐकत नाही आणि परत येतात. सध्या तसाच ब्रेक चालू आहे, म्हणून रात्री जागून एवढं लांब उत्तर लिहितेय.