०.३०१ ची किंमत

बॉस्टन रेड सॉक्स या अमेरिकन बेसबॉल संघाच्या कार्ल यास्ट्रेम्स्कीने १९६८ मध्ये ०.३०१ सरासरीवर, म्हणजे दर हजार प्रयत्नांत ३०१ हिट या दराने, अमेरिकन लीगचा फलंदाजीचा किताब (लीगमधल्या सर्वाधिक सरासरीचा मान) जिंकला. बेसबॉलच्या इतिहासात इतक्या कमी सरासरीवर हा किताब दुसऱ्या कोणालाच मिळालेला नाही, म्हणून 'सगळ्यात फुसका विजेता' हा शिक्का त्याच्यावर वर्षानुवर्षं मारला जातो. शेजारी बिल टेरीची १९३० मधली ०.४०१ ठेवायची, बरोबर शंभर अंकांचा (अंक म्हणजे इथे हजारांश) फरक दाखवायचा, मग यास्ट्रेम्स्कीच्या कारकिर्दीची ०.२८५ सरासरी काढायची आणि 'हा नुसता तेवीस हंगाम टिकला म्हणून मोठा झाला' असं म्हणून मोकळं व्हायचं. आकडे खरे आहेत. निष्कर्ष साफ चुकीचा आहे.

त्या वर्षी बाकीचे काय करत होते, हे कोणी विचारतच नाही. १९६८ मध्ये अख्ख्या अमेरिकन लीगची सरासरी होती ०.२३०. ०.३०० च्या वर गेलेला यास्ट्रेम्स्की एकटा, आणि दुसऱ्या क्रमांकावरचा डॅनी केटर ०.२९० वर. पिचर ज्या उंचवट्यावरून चेंडू टाकतो तो तेव्हा १५ इंचांचा होता, स्ट्राइक झोन, म्हणजे ज्या पट्ट्यातून गेलेला चेंडू फलंदाजाच्या विरोधात मोजला जातो, तोही मोठा होता. डेनी मॅक्लेन या पिचरने त्या हंगामात ३१ सामने जिंकले. फलंदाजांची इतकी दैना झाली की पुढच्याच वर्षी उंचवटा १० इंचांवर आणावा लागला आणि स्ट्राइक झोन आखडावा लागला.

आता टेरीचं १९३०. तो ज्या दुसऱ्या मोठ्या लीगमध्ये खेळत होता, त्या नॅशनल लीगची सरासरी तेव्हा ०.३०३ होती. म्हणजे यास्ट्रेम्स्कीला ज्या आकड्यावर किताब मिळाला, तो तिथे सरासरीच्याही खाली गेला असता! फिलाडेल्फिया फिलीजचा संघ त्या वर्षी ०.३१५ ने खेळला आणि १०२ सामने हरून तळाला राहिला. टेरी आपल्या लीगच्या सुमारे ३२ टक्के वर होता, यास्ट्रेम्स्की ३१ टक्के. शंभर अंकांच्या दरीतून उरतो तो एवढाच फरक. शिवाय सरासरीत वॉक, म्हणजे पिचरच्या चार चुकीच्या चेंडूंमुळे फुकट मिळणारा पहिला बेस, धरले जात नाहीत. १९६८ मध्ये यास्ट्रेम्स्कीने ११९ वॉक मिळवले, लीगमध्ये सर्वाधिक.

मला सगळ्यात बोलका वाटतो तो मात्र १९७४ चा हंगाम. यास्ट्रेम्स्कीची सरासरी पुन्हा नेमकी ०.३०१ आली. लीगची सरासरी आता ०.२५८ होती आणि किताब रॉड कॅरूने ०.३६४ वर नेला. खेळाडू तोच, आकडाही तोच. तरी १९६८ मधला ०.३०१ फार मोलाचा होता, कारण तो लीगच्या ७१ अंक वर होता आणि हा फक्त ४३.

कारकिर्दीची ०.२८५ देखील अशीच वाचायला हवी. त्याची उमेदीची वर्षं पिचरांच्या राज्यात गेली. १८४५ वॉक धरले, तर बेसवर पोचण्याचं त्याचं प्रमाण ०.३७९ भरतं.

रेड सॉक्सचं घरचं मैदान फेनवे पार्क फलंदाजांना सोयीचं होतं, हा आक्षेप मात्र मला खोडायचा नाही, त्यात तथ्य आहे. घरच्या मैदानावर तो ०.३०६ ने खेळला, बाहेर ०.२६४ ने. पण लीग आणि मैदान दोन्हींचा हिशेब करणाऱ्या ओपीएस प्लस या निर्देशांकात, जिथे १०० म्हणजे सरासरी फलंदाज, तो कारकिर्दीभर १३० वर आहे. म्हणजे फेनवेचा फायदा वजा केल्यावरचा हा आकडा आहे, आणि त्यात उतारवयातले हंगामही आले.

राहिला 'नुसता टिकला' हा आरोप. १९७० नंतर त्याने ०.३०० फक्त एकदाच गाठली, हे कबूल. पण किताब तीन आहेत: १९६३, १९६७ आणि १९६८. त्यातल्या १९६७ मध्ये लीगची सरासरी ०.२३६ असताना त्याने ०.३२६ सरासरी, ४४ होमरन आणि १२१ आरबीआय (त्याच्या फटक्यांवर संघाला मिळालेल्या धावा) असा ट्रिपल क्राउन, म्हणजे तिन्हींत लीगमध्ये अव्वल राहण्याचा मान, घेतला. रेड सॉक्सनी लीग जेमतेम एका सामन्याने जिंकली, आणि शेवटच्या दोन निर्णायक सामन्यांत त्याने आठपैकी सात वेळा हिट मारली. तसा ट्रिपल क्राउन पुन्हा दिसायला २०१२ उजाडलं, मिगेल काब्रेराच्या रूपाने.