हिटलरला वापरून घ्यायला निघालेली शहाणी माणसं

जगात कुठंही दोन देशांची क्षेपणास्त्रं उडाली की आपल्या फीडवर दोन गोष्टी हमखास येतात. एक म्हणजे तिसरं महायुद्ध सुरू झाल्याची घोषणा, आणि दुसरी म्हणजे कुणीतरी खाली कमेंटमधे येऊन सांगतो की अहो हिटलरलाही लोकांनीच निवडून दिलं होतं. पहिलीबद्दल मी काय बोलणार, पण दुसरीबद्दल बोलायचंय, कारण ती अर्धी खरी आहे आणि जी अर्धी सांगायची राहते तीच जास्त कामाची आहे.

आधी आकडे बघा. १९२८ च्या निवडणुकीत नाझी पक्षाला किती मतं होती? २.६ टक्के. संसदेत १२ जागा. म्हणजे ती पोतंभर नोटा देऊन पाव आणायची १९२३ ची महागाई होऊन पाच वर्षं झालेली, पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्सायच्या तहाला नऊ वर्षं झालेली, तरी या माणसाला कुणी विचारत नव्हतं. मग १९२९ ची मंदी आली, बेकारी वाढत वाढत १९३२ च्या सुरुवातीला ६० लाखांवर गेली, आणि जुलै १९३२ मधे नाझी ३७.३ टक्क्यांवर पोचले, २३० जागा, सगळ्यात मोठा पक्ष. पण बहुमत नाहीच. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात परत निवडणूक झाली त्यात त्यांची वीस लाख मतं घटली, जागा १९६ वर आल्या, पक्षाची तिजोरी रिकामी, गोबेल्सच्या डायरीत त्या दिवसांत रडगाणंच आहे, आणि १९३३ च्या नव्या वर्षाच्या अंकांत काही जर्मन पेपरांनी तर हा माणूस संपला असं छापून टाकलं होतं.

महिन्याभरात तो चॅन्सेलर, म्हणजे जर्मनीचा पंतप्रधान झाला. लोकांनी नाही केला, चारपाच प्रतिष्ठित माणसांनी केला.

यातला मुख्य कलाकार फ्रान्झ फॉन पापेन. खानदानी, घोडेस्वारीचा शौकीन, ओळखी दांडग्या, अक्कल बेताची. १९३२ मधे हा स्वतः सहा महिने चॅन्सेलर होता, आणि तेवढ्यात त्यानं एक काम करून ठेवलं ज्याची चर्चा फार होत नाही. २० जुलै १९३२ ला त्यानं प्रशियाचं निवडून आलेलं सरकार अध्यक्षांच्या आदेशानं बरखास्त केलं. प्रशिया म्हणजे त्या वेळच्या जर्मनीचा निम्म्याहून मोठा भाग, तिथं समाजवादी लोकशाहीवाद्यांचं सरकार होतं आणि मुख्य म्हणजे पोलीस त्यांच्या ताब्यात होते. ते काढून घेतले. समाजवादी काय करणार, सज्जन माणसं, कोर्टात गेली. सहा महिन्यांनी तेच पोलीस हिटलरचा साथीदार गोरिंग याच्या हातात आयते पडले आणि त्यानं नाझी गुंड आणि त्यांचे साथीदार मिळून ५० हजार जण सहाय्यक पोलीस म्हणून भरती करून टाकले, दंडाला पांढरी पट्टी बांधली की झाला पोलीस.

बरं, संसदेला बाजूला ठेवून कारभार करायची सवयही हिटलरनं लावलेली नाही. राज्यघटनेच्या कलम ४८ मधे आणीबाणीत अध्यक्षांना अध्यादेश काढायची सोय होती, आणि १९३० पासून ब्र्युनिंग नावाचा अत्यंत सभ्य, काटकसरी चॅन्सेलर त्याच कलमावर देश चालवत होता कारण संसदेत बहुमत जुळत नव्हतं. सगळं कायदेशीर. तीन वर्षांत लोकांना सवय झाली की संसद असली काय नि नसली काय, वरून म्हातारे अध्यक्ष हिंडेनबर्ग सही करतात आणि कायदा होतो. पुढच्या माणसाला नवीन काही शोधावंच लागलं नाही.

तर पापेनची खुर्ची जनरल श्लायशरनं घालवली, हा त्याचाच जुना दोस्त, आणि स्वतः चॅन्सेलर झाला. पापेनला बदला घ्यायचा होता. ४ जानेवारी १९३३ ला कोलोनमधे एका बँकरच्या घरी पापेन आणि हिटलर गुपचूप भेटले आणि तिथून सौदा जमत गेला. हिटलर चॅन्सेलर, पापेन उपचॅन्सेलर, ह्युगेनबर्ग म्हणून एक पेपरवाला बडा माणूस होता त्याला अर्थ आणि शेती खातं, आणि मंत्रिमंडळात हिटलर धरून नाझी फक्त तीन. बाकी सगळे आपले. पापेन खुशीत मित्रांना सांगत होता की आपण त्याला कामाला ठेवलाय, दोन महिन्यांत असा कोपऱ्यात दाबतो की चिंचीं करेल.

दोन महिने! ३० जानेवारीला शपथ झाली. २७ फेब्रुवारीला संसदेची इमारत जळली, दुसऱ्या दिवशी अध्यादेश निघाला आणि भाषण, सभा, पेपर, घराची झडती, पत्रं फोडणं, सगळे हक्क गुंडाळले. २२ मार्चला डाखाउची छळछावणी सुरू. २३ मार्चला संसदेचेच अधिकार सरकारला देणारा कायदा, ४४४ विरुद्ध ९४. विरोधातली ती ९४ मतं एकट्या समाजवाद्यांची, कम्युनिस्ट खासदार आधीच तुरुंगात नाहीतर भूमिगत, आणि सभागृहात गणवेशातले गुंड कडेनं उभे असताना ओटो वेल्स नावाचा माणूस उठून बोलला की तुम्ही आमचं स्वातंत्र्य घ्याल, जीव घ्याल, आमची अब्रू घेऊ शकत नाही. मधल्या कॅथलिक पक्षानं मात्र बाजूनं मत दिलं, चर्चला हात लावणार नाही असा शब्द मिळाला होता म्हणे. १४ जुलैला नाझी सोडून सगळे पक्ष बेकायदा. ह्युगेनबर्ग तर जूनमधेच घरी गेला होता.

श्लायशरचं काय झालं? ३० जून १९३४ ला घरात घुसून गोळ्या घातल्या, बायकोलाही. त्याच दिवशी पापेनच्या ऑफिसातल्या माणसाला टेबलापाशीच मारला, त्याच्या भाषणं लिहून देणाऱ्यालाही मारला, खुद्द पापेन नजरकैदेत. आणि एवढं झाल्यावर या गृहस्थानं काय केलं असेल तर महिन्याभरात त्याच हिटलरचा व्हिएन्नातला राजदूत व्हायचं कबूल केलं. मला हिटलरपेक्षा पापेनचा जास्त राग येतो, खरं सांगतो. हिटलर काय आहे ते त्यानं आधीच छापून ठेवलं होतं.

आता इथपर्यंत जर्मनीचं झालं. पण मला जे म्हणायचंय ते पुढं आहे. पापेननं घरात जे गणित मांडलं तेच गणित पुढची सहा वर्षं बाकीच्या देशांनी मांडलं. याला आपल्या कामाला लावू, किंमत दुसरा कुणीतरी देईल.

मुसोलिनीपासून बघा. त्यालाही १९२२ मधे इटलीच्या राजानंच बोलावला, पंतप्रधान लष्करी कायदा लावायचा हुकूम घेऊन आला होता, राजानं सहीच केली नाही, आणि रोमवर मोर्चा काढणारा हा वीर मिलानहून रात्रीच्या गाडीच्या स्लीपर डब्यातून आला. ऑक्टोबर १९३५ मधे त्यानं ॲबिसिनियावर हल्ला केला, म्हणजे आजचा इथिओपिया, राष्ट्रसंघाचा, म्हणजे आजच्या युनोच्या आधीच्या संघटनेचा सभासद देश. राष्ट्रसंघानं निर्बंध लावले, पण तेल सोडून! सैन्याच्या गाड्या ज्याच्यावर चालतात तेच सोडून. आणि सुएझ कालवा उघडाच ठेवला, ज्यातून इटलीची जहाजं सैन्य भरभरून जात होती. कारण काय, तर ब्रिटन आणि फ्रान्सला मुसोलिनी हिटलरच्या विरोधात हाताशी हवा होता, त्याला दुखवायचं नव्हतं. विषारी वायू टाकून त्यानं तो देश घेतला, सम्राट हैले सेलासी जून १९३६ मधे जिनिव्हात उभा राहून सांगत होता आणि इटालियन पत्रकार गॅलरीतून शिट्ट्या मारत होते. आणि मुसोलिनी गेला कुणाकडं? त्याच वर्षी हिटलरकडं. ॲबिसिनियाही गेला आणि मुसोलिनीही गेला.

पुढं इटलीत जे युद्ध झालं त्याचं बिल आपल्याकडंही आलं बरं का. ३ सप्टेंबर १९३९ ला व्हाइसरॉय लिनलिथगोनं इथल्या कुणालाही न विचारता भारत युद्धात असल्याचं जाहीर केलं, त्यावरून मुंबई प्रांतातल्या खेरांच्या मंत्रिमंडळासकट काँग्रेसची मंत्रिमंडळं बाहेर पडली, पण माणसं तर गेलीच लढायला. माणगाव तालुक्यातले नाईक हुद्द्यावरचे यशवंत घाडगे, मराठा लाइट इन्फंट्री, १० जुलै १९४४ ला इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात एकट्यानं मशीनगनच्या मोर्च्यावर चाल करून मारले गेले. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. वय बावीस.

म्युनिकच्या कराराचं सगळ्यांना माहिती असतं म्हणून थोडक्यात सांगतो. सप्टेंबर १९३८, चेकोस्लोव्हाकियाचा डोंगराळ सरहद्दीचा भाग, सगळी तटबंदी तिथंच, ब्रिटन आणि फ्रान्सनं हिटलरला देऊन टाकायचं ठरवलं आणि ठरवताना चेक प्रतिनिधी त्या खोलीत नव्हते. ब्रिटनचा पंतप्रधान चेंबरलेन, त्याला मूर्ख म्हणायची पद्धत आहे, मला पटत नाही. वीस वर्षांपूर्वीच्या युद्धातली मढी लोकांच्या डोळ्यासमोर होती, ब्रिटनची विमानं तयार नव्हती, आणि लोकांनी त्याला लंडनच्या रस्त्यावर डोक्यावर घेतलं होतं. पण त्याच सुमाराला जर्मन सैन्यातले काही सेनापती युद्धाचा हुकूम आला तर हिटलरला अटक करायच्या तयारीत होते, आणि न लढता सगळं मिळाल्यावर त्यांच्या कटातली हवाच गेली, हे फार कमी लोक सांगतात. शिवाय पोलंड! म्युनिक झाल्या झाल्या पोलंडनं पण चेकांचा एक तुकडा तोडून घेतला. अकरा महिन्यांनी पोलंडवर जे रणगाडे आले त्यात चेक कारखान्यांतले रणगाडे होते.

आणि सगळ्यात हुशार तो स्टालिन. त्यानं विचार केला की हे भांडवलवाले आपापसात लढून मरू देत. २३ ऑगस्ट १९३९ ला हिटलरशी करार, पोलंडची गुपचूप वाटणी, एकानं पश्चिमेकडून १ सप्टेंबरला घुसायचं, दुसरा पूर्वेकडून १७ ला घुसला. मग जवळजवळ दोन वर्षं रशियाचं धान्य आणि तेल जर्मनीला जात होतं, २२ जून १९४१ च्या पहाटे हल्ला झाला त्या रात्रीसुद्धा मालगाड्या सरहद्द ओलांडत होत्या. पूर्व पोलंडमधून स्टालिननं लाखो माणसं सायबेरियात, कझाकस्तानात नेऊन टाकली होती. हल्ला झाल्यावर नाइलाजानं सोडली, त्यातले काही इराणमार्गे, कराचीमार्गे येऊन कुठं पोचले तर कोल्हापूरजवळ वळिवड्याला. पाचेक हजार माणसं, जास्त करून बायका आणि मुलं, १९४३ ते ४८ तिथं राहिली, शाळा, चर्च, थिएटर सगळं उभं केलं. कोल्हापूरकरांना हे माहिती असतं, पण ती मुळात तिथं का आली हे विचारलं की युद्धामुळं एवढंच उत्तर मिळतं. दोन हुकूमशहांनी एकमेकांना वापरून घ्यायचं ठरवलं म्हणून आली.

आता कुणी म्हणेल हुकूमशहा म्हटला की युद्ध करणारच. नाही हो. गोव्याच्या लोकांना विचारा. गोवा ज्याच्या ताब्यात होता त्या पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार १९३२ पासून १९६८ पर्यंत लिस्बनमधे बसला होता, त्याच्या राज्यात सेन्सॉर होता, गुप्त पोलीस होते, मडगावात १८ जून १९४६ ला लोहियांनी सभा घेतली तर पकडून नेलं, पण महायुद्धात हा माणूस शेवटपर्यंत तटस्थ राहिला. जीव घेणारा असूनही हिशेबी. मग फरक कुठं पडतो?

मला वाटतं फरक आतल्या खोलीत पडतो. ५ नोव्हेंबर १९३७ ला हिटलरनं बर्लिनमधे मोजक्या लोकांची बैठक घेतली, टिपणं होसबाख नावाच्या कर्नलनं केली म्हणून आपल्याला कळतं. त्यात त्यानं सांगितलं की ऑस्ट्रिया आणि चेकोस्लोव्हाकिया घ्यायचेत, लढून घ्यायचेत. युद्धमंत्री ब्लॉमबर्ग, सेनाप्रमुख फ्रिच आणि परराष्ट्रमंत्री नॉयराट यांनी शंका काढल्या. शांततावादी नव्हे हां, फक्त म्हणाले की घाई होतेय, फ्रान्स आणि ब्रिटन मधे पडतील. तीन महिन्यांत तिघंही गेले. ब्लॉमबर्ग बायकोच्या पूर्वायुष्यावरून, फ्रिच खोट्या आरोपावरून, नॉयराटला नुसतं बदललं. युद्धखातं हिटलरनं स्वतःकडं घेतलं आणि पुढच्याच महिन्यात ऑस्ट्रिया. हे तिघं काही लोकशाहीवादी नव्हते, पण ते असताना निदान कुणीतरी नकाशावर बोट ठेवून 'इथं अडकू' म्हणत होतं.

म्हणून २१ फेब्रुवारी २०२२ ची मॉस्कोतली ती बैठक मला विसरता येत नाही, टीव्हीवर दाखवली होती. लांबलचक हॉल, एका टोकाला पुतीन, पार लांब सगळे खुर्च्यांवर शाळेत बसवल्यासारखे, आणि गुप्तहेर खात्याचा प्रमुख नारिश्किन त त प प करतोय आणि पुतीन त्याला म्हणतोय की सरळ बोला. घाबरून तो पुढचंच बोलून गेला की पूर्व युक्रेनमधले हे प्रदेश रशियात घ्यायला माझा पाठिंबा आहे, आणि पुतीननं सांगितलं की अहो तो विषय नाहीये आज. देशाचा गुप्तहेर प्रमुख! त्याच्याकडं जी काय माहिती असेल ती त्या हॉलमधे कोण सांगणार होतं? तीन दिवसांनी सैन्य युक्रेनमधे घुसलं. आणि २०१४ मधे क्रिमिया घेतल्यावर काय झालं होतं ते पण आठवा, निर्बंध लागले, आणि पुढच्याच वर्षी जर्मनीपर्यंत गॅसची आणखी एक पाइपलाइन टाकायचा करार रशियाशी झाला. जमीन युक्रेनची, गॅस आपला.

मात्र प्रत्येक भांडणात समोरच्याला हिटलर म्हणायची जी खोड आहे ना, ती पण तेवढीच घातक. १९५६ मधे ब्रिटनचा पंतप्रधान ईडन यानं इजिप्तच्या नासरमधे मुसोलिनी बघितला आणि सुएझवर जाऊन हात पोळून घेतले. २००३ मधे इराकच्या वेळी परत तीच टेप. म्युनिकचं नाव घेऊन जेवढी अनावश्यक युद्धं झालीत तेवढी मोजायला बसलं तर ही पोस्ट दुप्पट होईल.

बाकी पापेन. न्यूरेंबर्गच्या खटल्यात निर्दोष सुटला, १९५२ मधे आठवणी छापल्या, १९६९ साली वयाच्या ८९ व्या वर्षी वारला.

कमेंटमधे इथलं राजकारण आणणारे येणारच, या, पण आधी वर काय लिहिलंय ते वाचून या. आणि ती ५ नोव्हेंबरच्या बैठकीची टिपणं नेटवर सहज मिळतात, फार लांब पण नाहीत, वाचा एकदा.