आजोबांच्या हार्मनी गिटारबद्दलच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार. तुमचा रिव्ह्यू काल रात्री दोनदा वाचला. एक स्टार देताना तुम्ही तीन तक्रारी लिहिल्यात: सातशे रुपये घेऊन दहा मिनिटांत गिटार परत दिली, 'ओरिजिनल नाही' म्हणून सांगितलं, आणि १९५८ साली कॅम्पात घेतलेली गिटार १९६४ ची ठरवून आजोबांना खोटं पाडलं.

शेवटच्या तक्रारीपासून सुरुवात करतो, कारण ती मलाही लागली. तुमच्या आई शेजारी उभ्या होत्या आणि मी सालाचं बोलून मोकळा झालो. त्यांना बसवून, गिटारच्या आतला शिक्का आरशात दाखवून सांगायला हवं होतं. त्यांची मनापासून माफी मागतो. साल मात्र मला बदलता येणार नाही. साउंडहोलमधून, म्हणजे पुढच्या गोल भोकातून, टॉर्च मारला की मागच्या फळीवर आतून 'एफ-६४' असा पुसट शिक्का दिसतो आणि शेजारच्या आकड्याच्या शेवटी 'एच १२६०'. शिकागोची हार्मनी कंपनी असेच शिक्के मारायची, आणि एच १२६० हे त्यांचं सॉव्हरिन मॉडेल. आजोबांनी ५८ साली गिटार घेतलीच असेल, फक्त ती ही नव्हे. पहिली देऊन नंतर ही घेतली का, घरात कुणाला आठवतंय का ते विचारून बघा.

'ओरिजिनल नाही' हे मी अख्ख्या गिटारला म्हटलं नव्हतं. बॉडी कारखान्यातलीच आहे. पुढची फळी अखंड स्प्रूसची. साउंडहोलच्या कडेवर लाकडाच्या रेषा वरून खाली सलग उतरतात, प्लायवूड असतं तर तिथे थर दिसले असते. पाठ आणि बाजू महॉगनीच्या. आतल्या पट्ट्या एक्सच्या आकारात नाहीत म्हणून ही नकली, असं तुम्हाला दुसरीकडे कुणी सांगितलं. ते चूक आहे. एक्स पट्ट्या मार्टिन या अमेरिकन गिटार कंपनीकडे १८४० च्या दशकापासून आहेत, पण हार्मनीने या मॉडेलला आडव्या, शिडीसारख्याच पट्ट्या लावल्या. त्यातून येणारा कोरडा, मोकळा आवाज मला फार आवडतो.

बदललाय तो ब्रिज, म्हणजे पुढच्या फळीवरची तारा अडकवायची पट्टी. त्याच्याभोवती जुन्या, मोठ्या ब्रिजची सावली आहे आणि आतून दोन बुजवलेली भोकं. बसवणाऱ्याने सुतारकामाचा पांढरा गोंद वापरला, याचं मला खरंच वाईट वाटतं. मी मिरजेत सतारीच्या कामावर शिकलो. तिथे सरस, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासूनचा गोंद वापरायचा, म्हणजे पुढच्या कारागिराला वाफेवर जोड सोडवता येतो. पांढऱ्या गोंदाचा थर लाकडात मुरून बसतो आणि त्यावर सरस धरत नाही. ब्रिजभोवती चार बोटं नवं पॉलिशही चढलंय. यूव्ही टॉर्चखाली बाकीचं लॅकर हिरवट पिवळं चमकतं, तेवढा भाग काळा राहतो. ट्युनिंग कीसुद्धा नंतरच्या. हेडच्या मागे जुन्या पट्टीचे डाग आणि स्क्रूची रिकामी भोकं आहेत.

पैशांबद्दल: गिटार तुम्ही सकाळी ठेवून गेलात. तपासणीला पाऊण तास लागला, सांगायला दहा मिनिटं. पण पावतीवर नुसतं 'तपासणी' लिहिलं, ही आमची चूक. फोटोंसह लेखी अहवाल या आठवड्यात देतो, त्याचे पैसे नाहीत.

पॉलिश पूर्ण खरवडून नवं करा असं तुम्ही म्हणाला होतात. ते मी करणार नाही, दुसरीकडेही करू नका. त्यासोबत उरलेलं मूळ लॅकरही जाईल. ब्रिजमागे फळी थोडी फुगली आहे, तेव्हा जाड तारा काढून सर्वात बारीक तार ०.०११ इंचाची असलेला हलका सेट लावा, आणि पावसाळ्यात केस ओल येणाऱ्या भिंतीला टेकवू नका.

फिंगरबोर्डवर पहिल्या तीन फ्रेटांमध्ये (आडव्या धातूच्या पट्ट्यांमध्ये) नखांनी पडलेले खड्डे आहेत. तिथे कुणीतरी वर्षानुवर्षं कॉर्ड धरलेत. फ्रेट बदलायचे ठरलं तर फिंगरबोर्ड घासून सपाट करावा लागतो आणि खड्डे जातात. ते ठेवायचे असतील तर आधी सांगा, तेवढी जागा सोडून काम करतो.